जमिनीलगतचा ओझोन : सरकारी नियम काय सांगतात, गावापर्यंत किती पोहोचतात?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी देशासाठी हवेच्या गुणवत्तेची सुधारित मानके जाहीर केली. त्यात १२ प्रदूषकांची यादी आहे आणि ओझोन हा वायू त्यात पहिल्यांदाच आला. या तक्त्याच्या वर 'औद्योगिक, निवासी, ग्रामीण आणि इतर क्षेत्र' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जो नियम मुंबई-पुण्याला लागू, तोच निफाड, येवला, चांदवड, सिन्नरच्या शिवारालाही लागू. पण ओझोन मोजणारी यंत्रं बहुतेक शहरातच बसवलेली आहेत. गहू, कांदा, टोमॅटो, सोयाबीन या आपल्याकडच्या पिकांना हा वायू बाधतो, म्हणून हा विषय शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे.

वरचा ओझोन आणि खालचा ओझोन

ओझोन म्हटलं की शाळेत शिकलेला 'ओझोनचा थर' आठवतो. १६ सप्टेंबरला शाळांमधून ओझोन दिन साजरा होतो तो याच थरासाठी. हा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो आणि सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला.

तोच वायू जमिनीलगत, म्हणजे आपण श्वास घेतो त्या हवेत साठला, की अपायकारक ठरतो. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, खोकला, छाती भरल्यासारखी वाटणं हे त्याचे परिणाम. दमा असलेल्यांना, लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आणि भर उन्हात कष्टाचं काम करणाऱ्यांना जास्त त्रास होतो. वरचा थर वाचवायचा आणि खालचा ओझोन कमी करायचा, ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत. या लेखात फक्त खालच्या ओझोनची माहिती आहे.

हा वायू येतो कुठून?

धूर चिमणीतून निघतो, तसा ओझोन कुठल्याही चिमणीतून किंवा सायलेन्सरमधून निघत नाही. तो हवेत तयार होतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात :

- नायट्रोजनची ऑक्साइडं : डिझेल-पेट्रोलची इंजिनं, वीजनिर्मिती केंद्रं, कारखान्यांचे बॉयलर, जनरेटर आणि जाळपोळ यांतून निघतात.
- उडून जाणारे सेंद्रिय वायू : पेट्रोलची वाफ, रंग, थिनर, रसायनं, चुलीचा आणि कचऱ्याचा धूर. काही वायू झाडंही सोडतात.
- कडक ऊन : उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो.

त्यामुळे ओझोनचा घड्याळाशी संबंध आहे. सकाळी तो कमी असतो, ऊन चढेल तसा वाढतो, दुपारी एक ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जास्त भरतो आणि सूर्य मावळला की उतरतो. हंगामाशीही संबंध आहे. पावसाळ्यात ढग आणि सरी असल्यामुळे तो कमी राहतो. आपल्या भागात फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत त्याचा जोर असतो. गव्हाचा दाणा भरणं, द्राक्षाची काढणी, उन्हाळ कांदा पोसणं ही कामंही त्याच सुमाराची.

शहराचा धूर, गावाला ओझोन

ओझोन भर वाहतुकीच्या चौकात कमी आणि शहराबाहेर जास्त सापडू शकतो. गाडीतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. म्हणून वर्दळीच्या रस्त्यावर आकडा खाली दिसतो. पण हीच हवा वाऱ्याबरोबर पुढे सरकते, वाटेत ऊन खाते आणि दहा-वीस-पन्नास किलोमीटरवर गेल्यावर तिच्यात ओझोन वाढलेला असतो. गावाकडे त्याला खाऊन टाकणारा ताजा धूर कमी, त्यामुळे तो रात्रीही पूर्ण संपत नाही.

थोडक्यात, शहराच्या चौकातला आकडा पाहून वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या गावाची हवा चांगली आहे, असं म्हणता येत नाही.

पिकांचं काय होतं?

पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, ओझोन आत शिरतो आणि पेशी जाळतो. झाडाची बरीच ताकद ती दुरुस्ती करण्यात जाते. पान लवकर पिकतं, अन्न कमी तयार होतं, दाणा बारीक राहतो. बऱ्याच वेळा पानावर काहीच दिसत नाही, फक्त उतारा घटतो. म्हणून हे नुकसान शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही. कमी उताऱ्याचा दोष बियाण्याला, खताला किंवा हवामानाला दिला जातो.

जगभरच्या प्रयोगांचा एकत्र विचार करून शास्त्रज्ञांनी पिकांची जी वर्गवारी केली आहे, त्यात गहू, सोयाबीन, कापूस, कडधान्ये, कांदा, टोमॅटो आणि कलिंगड ही पिकं संवेदनशील गटात आहेत. भात, मका, बटाटा आणि द्राक्ष मध्यम गटात येतात. सातू (बार्ली) त्यामानाने तग धरतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये देशाचा अंदाज मांडला. त्यानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. एवढं धान्य दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरलं असतं, असं त्यांनी म्हटलं आहे. हा अंदाज गणिती प्रारूपावर आधारलेला आहे, प्रत्येक शेतात जाऊन केलेलं मोजमाप नाही. पण नुकसान किती मोठं असू शकतं ते त्यातून कळतं.

द्राक्षाच्या पानावरचे ओझोनचे ठिपके १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात ओळखले गेले. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधे बारीक तपकिरी-काळपट ठिपके येतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. डाऊनीत पानाच्या खाली पांढरी बुरशी दिसते, भुरीत पावडर दिसते. ओझोनच्या ठिपक्यांत बुरशी नसते. कांद्याच्या पातीची टोकंही ओझोनने जळतात, पण करपा, फुलकिडे आणि पाण्याचा ताण यांनीही टोकं जळतात. नुसतं पाहून ओझोन ठरवता येत नाही. नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात दाखवूनच निदान करावे.

आकडे काय आहेत?

२००९ च्या मानकांनुसार बाहेरच्या हवेत ओझोनची मर्यादा अशी आहे :

- आठ तासांची सरासरी : १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर
- एका तासाची सरासरी : १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर

वर्षातल्या ९८ टक्के वेळेत हवा या मर्यादेच्या आत राहिली पाहिजे. उरलेल्या २ टक्के वेळेत ती ओलांडली तर चालते, पण मोजणीच्या लागोपाठ दोन दिवशी नाही. त्याच अधिसूचनेत खाली एक टीप आहे. कुठेही लागोपाठ दोन दिवस मर्यादा ओलांडली गेली, तर तिथे नियमित किंवा सतत मोजणी सुरू करायला आणि पुढची तपासणी करायला ते पुरेसं कारण समजावं, असं त्यात म्हटलं आहे. ही टीप ग्रामस्थांच्या कामाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीतही आठ तासांचा आकडा १०० हाच आहे. शिवाय ज्या सलग सहा महिन्यांत ओझोन जास्त असतो, त्या काळासाठी ६० ही सरासरी सुचवली आहे. अशी हंगामी मर्यादा आपल्याकडे नाही. पिकांसाठी वेगळी मर्यादाही नाही. 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' असा दुसरा रकाना तक्त्यात आहे, पण ओझोनचे आकडे दोन्हीकडे सारखेच आहेत.

कोणता कायदा, कोणाची जबाबदारी?

या सगळ्याचा पाया म्हणजे हवा (प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, १९८१. त्यातली कामाची वाटणी अशी :

- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ : हवेची मानके ठरवतं, देशभरच्या मोजणीचा मेळ घालतं.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ : कारखान्यांना संमतिपत्र देतं, चिमणी तपासतं, अटी मोडल्या तर कारवाई करतं. कलम ३१-अ खाली कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज-पाणी तोडण्याचा आदेश मंडळ देऊ शकतं.
- राज्य सरकार : कलम १९ खाली एखादा भाग 'वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं आणि तिथे इंधनाशिवाय इतर वस्तू जाळायला मनाई करू शकतं.
- परिवहन विभाग : गाड्यांचे निकष आणि पीयूसी.

जनविश्वास कायदा, २०२३ मुळे हवा कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

ओझोनच्या बाबतीत मोठी अडचण इथेच येते. तो कुणाच्या चिमणीतून निघत नसल्यामुळे एका कारखान्याला 'तुझा ओझोन जास्त झाला' अशी नोटीस देता येत नाही. म्हणून सरकार ओझोन ज्यापासून बनतो त्या वायूंवर नियम करतं.

ओझोनच्या कच्च्या मालावरचे नियम

गाड्या : १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. पण रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर आहेत. पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात, डिझेल गाडीचा फक्त काळा धूर पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड पीयूसीत मोजलंच जात नाही.

ट्रॅक्टर : ट्रॅक्टरचे निकष वेगळे आहेत. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे कडक निकष लागू झाले. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० एचपीच्या आतले असल्यामुळे त्या टप्प्यात आले नाहीत.

औष्णिक वीज केंद्रं : ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने पहिल्यांदा नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा घातली. २००३ अखेरपर्यंतच्या संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधल्या संचांना ३०० आणि त्यानंतरच्या संचांना १००. पुढे २०२० मध्ये मधल्या गटाची मर्यादा ३०० वरून ४५० करून सैल केली गेली. एकलहऱ्याचे संच जुने असल्याने ते ६०० च्या गटात बसतात.

पेट्रोल पंप : टाकी भरताना उडणारी वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा मोठ्या शहरांतल्या जास्त विक्रीच्या पंपांना बंधनकारक केली आहे. तालुक्याच्या लहान पंपांवर ती सहसा दिसत नाही.

जाळपोळ : उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. उसाचं पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, गव्हाचं काड पेटवलं की ओझोनचे दोन्ही घटक एकदम हवेत जातात. तेही बहुधा भर उन्हाच्या महिन्यांत.

नियम कुठे कमी पडतात?

१. मोजणीच नाही. राष्ट्रीय हवा संनियंत्रण कार्यक्रमातली हाताने चालणारी केंद्रं सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, पीएम १० आणि पीएम २.५ हे चारच घटक मोजतात. ओझोन स्वयंचलित केंद्रांवर मोजला जातो. देशात अशी पाचशेहून जास्त केंद्रं आहेत, पण ती मुख्यतः शहरांत आहेत. जिथे मोजणी नाही, तिथे मर्यादा ओलांडल्याचं कागदावर येत नाही. आणि कागदावर आलं नाही की 'लागोपाठ दोन दिवस' ही टीप कधी लागूच पडत नाही.

२. मोठ्या योजनेत ओझोनचं लक्ष्य नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात नाशिकसह राज्यातली १९ शहरं आहेत. त्याचं उद्दिष्ट धूलिकण कमी करणं हे आहे. आधी २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के, नंतर २०२६ पर्यंत ४० टक्के असं ठरलं. शहराची कामगिरी पीएम १० वर मोजली जाते. त्यामुळे रस्ते धुणं, पाणी मारणं, झाडणी यंत्रं घेणं यावर पैसा जातो. त्याने धूळ बसते, पण ओझोनला फरक पडत नाही.

३. एक्यूआयमध्ये ओझोन झाकला जातो. २०१५ पासूनच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ घटक आहेत, ओझोन त्यातला एक. पण सगळ्यात वाईट घटकाचा आकडा तोच त्या दिवसाचा निर्देशांक धरला जातो. आपल्याकडे बहुतेक वेळा धूलिकण पुढे असतात, म्हणून दुपारी ओझोन वाढला तरी तो मथळ्यात येत नाही.

४. अर्धा उपाय उलटू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, नायट्रोजन ऑक्साइड घटलं, तरी अनेक शहरांत ओझोन उलट वाढला. कारण ओझोनला खाणारा ताजा धूरच कमी झाला आणि सेंद्रिय वायू त्या मानाने कमी झाले नाहीत. म्हणून शहरात दोन्ही वायू बरोबरीने कमी करावे लागतात. गावाकडे मात्र नायट्रोजन ऑक्साइड कमी केलं की ओझोन सहसा उतरतो.

५. नुकसानीची दखल नाही. पीकविम्यात दुष्काळ, पूर, गारपीट, कीड-रोग अशी कारणं धरली जातात. हवेच्या प्रदूषणाने घटलेला उतारा त्यात बसत नाही आणि त्याचा पंचनामाही होत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये वाढत्या ओझोनची स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय मंडळाकडे विचारणा केली. पण ती चर्चा मोठ्या शहरांच्या भोवतीच राहिली.

बाहेर काय केलं?

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास १९४०च्या दशकात भाजीपाल्याची पानं चकाकून करपू लागली. हे नुकसान रोगाचं नाही, हवेचं आहे, हे आधी शेती संशोधकांनी दाखवलं. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने गाड्यांचा आणि तेल कारखान्यांचा धूर उन्हात तापून ओझोन बनतो, हे सिद्ध केलं. हागेन-स्मिट त्याआधी अननसाच्या स्वादावर काम करत होते. १९७० मध्ये तिथे स्वच्छ हवा कायदा झाला, १९७१ मध्ये पहिलं मानक आलं, १९७५ पासून नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागलं. ओझोनची मर्यादा १९७९, १९९७, २००८ आणि २०१५ मध्ये बदलली गेली. १९८० पासून तिथली ओझोनची सरासरी पाव हिश्श्याहून जास्त उतरली. जे जिल्हे मर्यादेत बसत नाहीत, त्यांच्या राज्याला सुधारणेचा आराखडा मुदतीत द्यावा लागतो.

युरोपीय संघाच्या नियमांत पिकं-झाडांसाठी वेगळं मोजमाप आहे. मे ते जुलै या वाढीच्या महिन्यांत दिवसा ४० पीपीबीच्या वर गेलेला ओझोन तासागणिक जोडत जातात आणि त्या बेरजेला मर्यादा आहे. शिवाय तासाची सरासरी १८० मायक्रोग्रॅमवर गेली की लोकांना कळवणं आणि २४० वर गेली की धोक्याचा इशारा देणं सरकारवर बंधनकारक आहे. आपल्याकडे १८० ही मर्यादा आहे, पण ती ओलांडली तर गावाला कळवण्याची सक्ती नाही.

ग्रामस्थांनी आणि शेतकऱ्यांनी काय करावे?

- आकडा पाहणे : केंद्रीय मंडळाचं 'समीर' हे मोबाइल ॲप मोफत आहे. जवळचं केंद्र निवडून त्यात ओझोनचा आकडा दुपारी एक ते पाचच्या दरम्यान पाहावा. सकाळच्या आकड्यावर जाऊ नये.
- कामाची वेळ : फेब्रुवारी ते मे या काळात खुरपणी, काढणी, भरणी अशी दमाची कामं शक्यतो सकाळी उरकावीत. दम्याच्या मजुराला भर दुपारी जड काम देऊ नये. मास्कने धूळ अडते, ओझोन वायू साध्या मास्कने अडत नाही.
- काडीकचरा : पेटवण्याऐवजी कुट्टी करून जमिनीत गाडावा किंवा आच्छादन करावे. यात आपलाच फायदा आहे, सेंद्रिय कर्बही वाढतो.
- औषधाच्या मागे लागू नये : ओझोनचं नुकसान मोजण्यासाठी संशोधक 'इथिलीन डाययुरिया' हे रसायन वापरतात. बनारस हिंदू विद्यापीठात गव्हावर असे प्रयोग झाले आहेत. ते प्रयोगाचं साधन आहे, शेतात मारायचं औषध नाही.
- ग्रामसभेचा ठराव : गावाजवळ मोठा महामार्ग, औद्योगिक वसाहत किंवा वीज केंद्र असेल तर उन्हाळ्यात फिरत्या प्रयोगशाळेकडून ओझोनची मोजणी करावी, असा ठराव करून राज्य मंडळाच्या कार्यालयाला पाठवावा. ठरावात २००९ च्या अधिसूचनेतला 'ग्रामीण' हा शब्द आणि दोन दिवसांची टीप जरूर लिहावी.
- माहिती अधिकार : तालुक्यात ओझोन कधी मोजला का, कुठे मोजला, किती आला, एवढे तीन प्रश्न अर्जात पुरेसे आहेत.
- जनसुनावणी : २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालात ओझोन मोजला नसेल, तर तो का मोजला नाही हे तिथे विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावे. पिकांवरच्या परिणामाचाही मुद्दा मांडावा.

ओझोन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची तक्रार होत नाही. तक्रार नाही म्हणून यंत्र येत नाही. नियम २००९ पासून आहे आणि त्यात ग्रामीण भागाचं नावही आहे. आता तालुक्यात निदान एका उन्हाळ्याची मोजणी व्हावी, ही मागणी लेखी गेली पाहिजे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेता येईल.